लाइन आहे, पार्टी नाही

आमच्या घरमालकीण काकूंना तीन मिनिटांपेक्षा लांब गोष्ट सांगता येत नसे. हे मी अंदाजानं म्हणत नाही. माझी नोकरी वजनमापे खात्यातली. दाल बाजारातल्या दुकानदारांचे तराजू तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे कोणी मापाची गोष्ट काढली की मला खात्री करून घ्यावीशी वाटते. माझी मुलगी मुक्ता तेव्हा सात वर्षांची होती. ती पहिल्यांदा काकूंकडे जाऊन आली आणि म्हणाली, आजी तीन मिनिटांचीच गोष्ट सांगतात. पुढच्या गुरुवारी मी जिन्यात उभा राहिलो आणि घड्याळ लावलं. तीन मिनिटं, दोन सेकंद. अशा मी अकरा गोष्टी मोजल्या. सर्वांत मोठा फरक चार सेकंदांचा निघाला, तेव्हा मोजणं बंद केलं.

काकूंनी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती, सगळी ट्रंक कॉलच्या बोर्डावर. आजच्या मुलांना सांगावं लागतं की तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी नोंदवावा लागे, मग मधली बाई लाइन जोडून देई, आणि तीन मिनिटं झाली की तीच बाई मध्ये बोलून विचारी, वाढवायची का. काकू ती मधली बाई. नवरा लवकर गेला, मुलगा दिल्लीत नोकरीला लागला, खातं निवृत्त करून मोकळं झालं, पण तीन मिनिटं त्यांच्या अंगातून गेली नाहीत.

टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं साधं दुमजली घर. तळमजल्यावर त्या एकट्या, वरच्या मजल्यावर आम्ही तिघं भाडेकरू. दार वाजलं की त्या उघडण्याआधी आतून म्हणत, "बोला, लष्कर." लष्कर हे आमच्या शहरातल्या या भागाचं नाव, आणि त्यांच्या एक्स्चेंजचंही. माझ्या बायकोशी काम असलं की जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून विचारत, वर कोणी लाइनीवर आहे का. कोणाचं नाव नीट ऐकू आलं नाही तर अक्षर अक्षर करून घेत, ग गणपतीचा, म मखराचा, मग तो समोर उभा दूधवाला का असेना.

दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आसपासच्या मराठी घरांतली मुलं त्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसत. काकू लाकडी खुर्चीवर, मुलांकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून. मला ते पहिल्यांदा विचित्रच वाटलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "चेहरा दिसला की माणूस मान हलवतो आणि आपल्याला वाटतं त्याला कळलं. बोर्डावर मान हलवलेली दिसत नाही. बोलावंच लागतं."

एका गोष्टीत एकच नवा शब्द असे. तो तीनदा येई, दर वेळी वेगळ्या प्रसंगात. अर्थ त्या कधीच सांगत नसत. तीन मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबत आणि भिंतीला विचारत, "तीन मिनिटं झाली. वाढवू?" गोष्ट वाढवून हवी असेल तर मुलांपैकी कोणी तरी त्या नव्या शब्दाचं स्वतःचं वाक्य करायचं. गोष्टीतलं वाक्य उचललेलं चालत नसे. वाक्य बरोबर असेल तर आणखी तीन मिनिटं. नाही जमलं तर उरलेलं पुढच्या गुरुवारी. एकदा 'हुरूप' या शब्दावर मुलं अडली आणि एका मगरीचं तोंड तीन गुरुवार उघडंच राहिलं. शेवटी मुक्ता म्हणाली, "सोमवारी शाळेत जायचा मला हुरूप नसतो," आणि मगरीनं तोंड मिटलं.

शब्दांचा हा हट्ट त्यांना बोर्डावर बसून लागला होता. त्या सांगत, की ज्याच्यापाशी शब्द असतात तो तीन मिनिटांत घरातलं आजारपण, मुलीचं लग्न आणि स्वतःची चूक, सगळं सांगून मोकळा होतो. ज्याच्यापाशी नसतात तो "हॅलो, हॅलो, और सब ठीक?" यातच तीन मिनिटं घालवतो आणि फोन ठेवल्यावर रडतो. असे कितीतरी त्यांनी ऐकले होते. काय ऐकलं ते मात्र कधी सांगितलं नाही. गल्लीतल्या जुन्या बायका अजून खोदून विचारत, की अमक्यांच्या घरी तेव्हा कोणाचा फोन यायचा. काकू म्हणत, "ती लाइन माझी नव्हती." एवढंच. सगळ्या लष्करात कोण कोणाशी काय बोललं ते त्यांच्या कानावरून गेलं होतं आणि तिथेच राहिलं होतं.

आमच्या मुलांचं मराठी कसलं, ते इथे हिंदी मुलखात राहणाऱ्यांना ठाऊक आहे. घरात मराठी सुरू होतं आणि वाक्य संपेपर्यंत हिंदीत पोचतं. मुक्ता सहज म्हणून जाई, "आजी, पण मग वो कोल्हा परत क्यूँ आला?" काकू त्यावर रागावत नसत. त्यांचं म्हणणं, परका शब्द मुलाला कळत नाही हे लगेच दिसतं, तो धोक्याचा नाही. दोन्ही भाषांत सारखा दिसणारा शब्द धोक्याचा, कारण मुलाला वाटतं आपल्याला कळला. एकदा मुक्ताचं वाक्य चुकलं तेव्हा ती फार गंभीरपणे म्हणाली, "आजी, मी उद्या पुन्हा चेष्टा करीन." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. काकू भिंतीकडेच तोंड करून म्हणाल्या, "कर हो. पण दुसऱ्या कोणाची तरी कर."

मी मुक्ताच्या वहीत नवे शब्द लिहून ठेवत असे. दोन वर्षं पुरी झाली तेव्हा ते ब्याण्णव होते. एका रविवारी मी तिची परीक्षा घेतली. ब्याण्णवपैकी अठ्ठ्याहत्तर तिला वापरता आले. मी खुशीत हा आकडा काकूंना सांगायला गेलो. मला वाटलं त्याही खूष होतील, किंवा मग म्हणतील की शब्द काय मोजायचे असतात. त्यांनी फक्त विचारलं, "कोणते चौदा?" मी यादी दिली. पुढचे चौदा गुरुवार त्यांनी त्या चौदा शब्दांच्या नव्या गोष्टी सांगितल्या.

सुरुवातीला मुलं नऊ होती. मग कोणाचं कोचिंग, कोणाचा कराटेचा क्लास. गोरखी भागातून येणाऱ्या दोन बहिणींची आई एकदा विचारायला आली, की काकू, याने मार्कांत काही फर्क पडेल का, कारण शाळेत तर मराठी नाहीच. काकू म्हणाल्या, नाही पडणार. त्या बहिणी पुढच्या गुरुवारी आल्या नाहीत. मी तेव्हा काकूंना म्हटलं, थोडं गोड बोलायला काय जात होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही दुकानदाराला सांगता का, वजन कमी आहे पण दिसायला चांगलं आहे?" तिसऱ्या वर्षी सतरंजीवर एकटी मुक्ता उरली. काकू तरीही भिंतीकडेच तोंड करून बसत.

दर रविवारी सकाळी अकराला त्या दिल्लीला फोन लावत. तिथे त्यांची नात होती, मुक्ताच्याच वयाची. गुरुवारची गोष्ट रविवारी नातीसाठी. कोणत्या शब्दावर मूल अडतं ते मुक्तावर पाहून घ्यायचं आणि तेवढं सुधारून नातीला सांगायचं, असा तो क्रम होता, हे मला उशिरा कळलं. नातीची आई पंजाबी, घरात हिंदी आणि इंग्रजी. मराठीचा स्पर्श म्हणजे रविवारची तीन मिनिटं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे दिवा बदलायला गेलो होतो. फोन चालू होता, म्हणून स्टुलावर गप्प उभा राहिलो. काकू कानाला फोन लावून गोष्ट सांगत होत्या. फोनचा आवाज इतका मोठा होता की पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. तिथे टीव्ही लागला होता. मग कुकरची एक शिट्टी झाली. कोणी तरी लांबून कोणाला तरी विचारलं, माझा चार्जर कुठाय. काकूंनी गोष्ट तीन मिनिटांत पुरी केली आणि विचारलं, वाढवू? उत्तर नाही. त्यांनी अजून थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला. मी वरून पाहतोय हे लक्षात आलं तेव्हा सहज सांगितल्यासारखं म्हणाल्या, "लाइन आहे, पार्टी नाही." पार्टी म्हणजे बोर्डाच्या भाषेत पलीकडे बोलणारा माणूस.

मी विचारलं, असं नेहमी होतं का. म्हणाल्या, बोर्डावर पहिल्या वर्षीच कळायला लागतं. माणूस ऐकत असला की त्याच्या गप्प राहण्याचाही आवाज असतो. नात फोन टेबलावर ठेवून निघून जाते हे त्यांना वर्षभर माहीत होतं. वर्षभर त्या टेबलाला गोष्टी सांगत होत्या.

त्याच हिवाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण दोन तास त्या तिथेच पडून होत्या. मी ऑफिसात, बायको माहेरी, मुक्ता शाळेत. मुलानं दिल्लीहून येऊन सांगितलं, आई, आता चल. काकूंनी अट घातली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ज्या घरात माझं बोलणं कोणाला कळत नाही, तिथे मी फक्त जेवायला आणि झोपायला राहू का? नातीला माझी एक गोष्ट, एकच, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कळली तर येते. नाही तर मी इथेच बरी. मुलगा हसला, मग त्याच्या लक्षात आलं की आई थट्टा करत नाही.

मार्चमध्ये तो नातीला घेऊन दोन दिवसांसाठी आला. शनिवारी दुपारी पुढच्या खोलीत सतरंजी घातली. नात आणि मुक्ता शेजारी शेजारी बसल्या, मुलगा दारात उभा. काकूंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. म्हणाल्या, "मी आजी आहे, तो बाप आहे. आम्ही दोघंही खोटं माप देऊ. तुम्ही देणार नाही. कळलं की नाही ते तुम्ही सांगायचं." मला तेव्हा याचा अभिमानच वाटला.

गोष्ट साधी होती. एक पर्वत. पर्वतावर एक मैना राहते. राणीचं घर खाली, नदीच्या तीरावर. राणीला पर्वत चढवत नाही, मैनेला इतकं दूर उडवत नाही. रोज मैना आवाज देते, राणी! आणि रोज राणी तिला जवाब देते. हवा आवाज नेते आणि आणते. एवढ्यावर दोघींचा दिवस जातो. गोष्ट तीन मिनिटांत संपली. नात हलली नव्हती, ती डोळे मोठे करून काकूंच्या पाठीकडे पाहत होती.

काकू म्हणाल्या, "आता तू सांग." आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी खुर्ची फिरवली.

नात हिंदीत सांगू लागली. ते चालणार होतं, कळणं महत्त्वाचं. पर्वत आला, मैना आली, नदी आली. मग ती म्हणाली, "रानी का घर तो खाली था न, दादी. उसमें कोई था ही नहीं. मैना रोज़ आवाज़ देती थी और सोचती थी रानी बोल रही है. पर वो उसी की आवाज़ थी, पहाड़ से लौटकर आती थी. बेचारी को पता ही नहीं था."

मुक्ता पुढे सरकून म्हणाली, "अगं, खाली म्हणजे नीचे..." काकूंनी हात वर केला आणि ती थांबली. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मुलगा माझ्याकडे पाहत होता. काकू माझ्याकडे पाहत नव्हत्या, त्या नातीकडे पाहत होत्या.

मी म्हणालो, "एक शब्द चुकला. पण त्या शब्दानं सगळी गोष्ट बदलली."

काकू म्हणाल्या, "ठीक." नातीचे केस त्यांनी नीट केले आणि सांगितलं, गोष्ट फार छान सांगितलीस हो. रविवारी दुपारच्या गाडीनं बाप-लेक परत गेले.

रविवारी संध्याकाळी मी मुक्ताच्या वहीत ती गोष्ट उतरवायला बसलो. नवा शब्द कोणता लिहायचा ते कळेना. मी गोष्ट पुन्हा आठवून शब्द एकेक करून लिहिले. पर्वत, मैना, राणी, नदी, तीर, हवा, आवाज, जवाब. काकूंच्या गोष्टींत नेहमी डोंगर असे, चिमणी असे, म्हातारी असे. या गोष्टीत डोंगराचा पर्वत झाला होता, चिमणीची मैना झाली होती, आणि उत्तर म्हणणाऱ्या बाई जवाब म्हणाल्या होत्या. मी एकवीस नामं मोजली. एकवीसच्या एकवीस हिंदीत जशीच्या तशी. नवा शब्द त्यात नव्हताच. काकूंनी नातीसाठी वजन हलकं करून ठेवलं होतं, आणि दुसऱ्यांना शिकवताना ज्या सारख्या दिसणाऱ्या शब्दांची भीती घालत, त्यांतलाच एक त्यांच्या घाईत सुटून गेला होता. त्यांना जायचं होतं. आमच्या खात्यातसुद्धा प्रत्येक वजनाला ठराविक बारीक फरक माफ असतो. तो मी रोज दुकानदारांना देतो. त्या दिवशी मला सुचला नाही.

सोमवारी ऑफिसातून मी त्यांच्या मुलाला फोन केला. काय पाहिलं ते सांगितलं. म्हटलं, तुमच्या आईनं गोष्ट मुद्दाम सोपी केली होती, त्यांना यायचं आहे, माझा निकाल धरू नका. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, मला वाटलं ती मुद्दाम कठीण सांगेल. तिला इथे यायचंच नाही असं समजून मी चाललो होतो." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. पंधरा दिवसांनी तो आईला न्यायला मोटार घेऊन आला.

मला वाटलं होतं काकू माझ्यावर खूष असतील. त्यांनी जिन्यात मला गाठलं आणि इतकंच विचारलं, की मुलाला कोणी सांगितलं. मी म्हणालो, मी. त्यांचा चेहरा पाहून मला घरात निघून जावंसं वाटलं.

"माझं होतं ते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिसलं तर तुमच्यापाशी ठेवायचं. एकतीस वर्षं मी काय केलं?"

मी म्हटलं, काकू, नाही सांगितलं असतं तर तुम्ही इथेच राहिला असता. त्या म्हणाल्या, "राहिले असते." त्यानंतर सामान बांधण्याचे चार दिवस त्या माझ्या बायकोशी बोलल्या, मुक्ताशी बोलल्या, माझ्याशी नाही. निघताना त्यांनी मुक्ताला जवळ घेऊन सांगितलं, रोज एक पान मोठ्यानं वाच, ऐकणारं कोणी नसलं तरी. मी त्यांची पेटी मोटारीत ठेवली. त्यांनी थँक यू म्हटलं, जसं परक्या माणसाला म्हणतात.

तळमजल्याला कुलूप आहे. मुलानं दुसरा भाडेकरू ठेवला नाही. आम्हीही दुसरं घर पाहिलं नाही. पहिले काही गुरुवार मुक्ता पाच वाजता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसे आणि पान वाचे. मी वरून ऐकत असे, पण ऐकतोय हे तिला कळू दिलं नाही. मग तिची परीक्षा आली आणि ते बंद पडलं.

मी दिल्लीला एकदाच फोन केला, काकू तिथे राहायला गेल्यानंतर सात महिन्यांनी, एका रविवारी. धीर करायला तेवढे महिने लागले. मनात वाक्यं ठरवून ठेवली होती. माफी मागायची की तब्येत विचारायची, हे मात्र ठरलं नव्हतं. फोन नातीनं उचलला. मी हिंदीत विचारलं, दादीजी हैं? तिनं थोडं थांबून माझा आवाज ओळखला असावा, किंवा लष्करचा नंबर पाहिला असावा.

ती म्हणाली, "आजी झोपली आहे. उठली की सांगते."

मी बरं म्हटलं आणि ठेवला. काकूंचा उलट फोन आला नाही. पुन्हा लावायचा असं मी दोन-तीनदा ठरवलं, पण त्या उठून माझ्याशी काय बोलतील याची मला खात्री नव्हती, आणि त्या झोपल्या आहेत ते त्यांच्याच भाषेत सांगणारं कोणी तरी तिथे आहे, हे मला कळलं होतं. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. मुलानं कळवलं.

त्या रविवारी मी फोन ठेवला तेव्हा मुक्ता समोर जेवणाची पानं मांडत होती. तिनं विचारलं, आजी काय म्हणाल्या. मी सांगितलं, झोपल्या होत्या, नात बोलली.

"मराठीत?"

"हो. सहा शब्द. एकही चूक नाही."

मुक्तानं वाट्या सरळ केल्या. जेवताना तिनं भात मागितला, लोणचं मागितलं, शाळेतलं काही सांगितलं, सगळं हिंदीत. एकही मराठी शब्द मध्ये आला नाही. मी मोजत होतो.